कोरेकाका

चिंचणी-तारापूर पट्ट्यात कोरणारी माणसं पुष्कळ. दागिन्यांच्या डाय बनवण्याचा धंदा इथं ओटीओटीवर चालत आलेला. पोलादी ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, वर पत्र्याचा तुकडा ठेवून दाब द्यायचा, की कोयरी, मोर, पान, जे हवं ते उठून येतं. मुंबईच्या एखाद्या पेढीवर काचेमागे झळकणारं कर्णफूल मुळात इथल्या कुणाच्या तरी डोळ्यांतून पाणी काढून, उलटं जन्माला आलेलं असतं. कोरेकाका याच धंद्यातले. डोळ्याला आयग्लास आणि हातात छिन्नी, यात त्यांची हयात गेली. पुढे कारखाना मुलाच्या हवाली झाला, छिन्नी मात्र काकांनी सोडली नाही. रिकाम्या हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी जुनी पुस्तकं धरली. सगळा जन्म कोरण्यात घालवलेला माणूस आता कोरं करत बसतो, म्हणून गावानं त्यांना हे नाव देऊन टाकलं. खरं आडनाव आता पोस्टमनला आणि रेशनकार्डाला ठाऊक.

कोरं करायचं म्हणजे दुसऱ्याच्या हातून आलेल्या पुस्तकात आधीच्यांनी जे जे करून ठेवलं असेल ते ते नाहीसं करायचं. अधोरेखनं, बरोबरच्या खुणा, समासातले ‘वा!’ आणि ‘काहीच्या काही’, चौकटी, बाण, दुधाचा हिशेब, कुणाचा तरी फोन नंबर, मुखपृष्ठावरच्या नायिकेला आलेल्या मिशा. पुस्तक छापखान्यातून निघताना जसं होतं तसं झालं पाहिजे. का, असं विचारलं तर काका आयग्लास कपाळावर सरकवतात आणि विचारणाऱ्याची कीव आल्यासारखं म्हणतात, “तू खानावळीत गेलास, ताटात आधीच्याचं खरकटं दिसलं, तर त्याच ताटात जेवशील?”

यापुढे वाद खुंटतो. मी स्वतः रेघा मारणाऱ्यांतला. त्यामुळे मी फक्त एवढीच काळजी घेतो, की माझं पुस्तक काकांच्या ओटीवर विसरायचं नाही.

माल येतो बोईसरहून. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी वाढली, आणि देशभरची माणसं वसाहतींत येऊन राहिली. ही माणसं बदलीची नाहीतर निवृत्तीची. निघायची वेळ आली की ट्रकमध्ये फ्रीज चढतो, कपाट चढतं, तुळशीची कुंडीही चढते. पुस्तकांपाशी आलं की घरमालकाला कंबरदुखी आठवते. मग बोईसरच्या रद्दीत एकाच गठ्ठ्यातून खांडेकर, एखादी बंगाली कादंबरी, तमिळ पंचांग आणि टर्बाइनवरचा इंग्रजी ठोकळा असं गोत्र निघतं. काका गठ्ठा सोडतात तेव्हा पुस्तकाचं नाव बघत नाहीत, लेखकही बघत नाहीत. अंगठ्यानं पानं फर्रकन सोडतात आणि रेघा दिसतात का ते पाहतात. रेघा जितक्या दाट तितका काकांचा चेहरा खुलतो. एकदा त्यांच्या हाती एक बिनडागाचं, बहुधा कुणी उघडलेलंसुद्धा नाही असं पुस्तक आलं. त्यांनी ते मागेपुढे करून पाहिलं आणि बाजूला टाकलं. “यात काही नाही,” म्हणाले.

रद्दीवाल्यानं हे हेरलं नसतं तर तो रद्दीवाला कसला. सगळ्या जगात रेघोट्या मारलेलं पुस्तक स्वस्त मिळतं. बोईसरला, काकांपुरतं, ते महाग झालं. कोरी पुस्तकं किलोवर, आणि ‘काम असलेली’ नगावर. रद्दीवाल्याचा पोऱ्या दुपारच्या निवांत वेळी हातात पेन्सिल घेऊन बसलेला मी एकदा पाहिला होता. तो हिशेब करत असेलही. काकांना मी हे सांगितलं नाही, माणसाच्या आनंदात उगाच कशाला.

२०१३ साली लोकल डहाणूपर्यंत धावायला लागली आणि काकांना मुंबईचे फुटपाथही मोकळे झाले. वाणगावला गाडी पकडायची, चर्चगेटला उतरून फोर्टात चालत जायचं, आणि संध्याकाळच्या गर्दीत दोन पिशव्या छातीशी धरून परत. त्या गर्दीत विरारपर्यंत माणसाचं सालपट निघतं, पण काका सांगतात ते पिशवीतल्या पानांना दुमड पडली नाही याचं.

कामाची बैठक संध्याकाळी, ओटीवर. पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात हत्यारं: पांढरा मऊ रबर तीन आकारांत कापलेला, दाढीचा जुना ब्रश, टीपकागद, कापसाच्या काड्या, आणि फडक्यात गुंडाळलेला एक शिळा पाव. शाळेतला निम्मा लाल निम्मा निळा रबर या डब्यात येऊ शकत नाही. त्याच्या निळ्या बाजूला बारीक वाळूसारखी कच असते, ती शाई काढत नाही, शाईसकट कागद काढते. पाव कशाला, असं मी विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं की इंग्लंडात १७७० च्या सुमारास पेन्सिल खोडायला रबर चालतो हा शोध लागला, त्याआधी चित्रकार पावाच्या गराचीच गोळी करून खोडत. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, तेव्हा जी मराठी पुस्तकं निघाली त्यांचा कागद इतका हलका की रबर लागला तरी दुखावतो. अशा पानांना काका पाव लावतात. गर बोटांत मळायचा, दाबायचा, उचलायचा. घासायचं नाही. चुरा शिवणीत राहिला तर रात्री मुंग्या येतात आणि नंतर कसर. म्हणून पाव लावलेलं पुस्तक उलटं धरून झटकायचं, ब्रश मारायचा, पुन्हा झटकायचं. हे सगळं एका ‘वा!’साठी.

पेन्सिल काढताना त्यांना बघण्यासारखं असतं. आधी कोरडा ब्रश, कारण धुळीवर रबर फिरला की धूळ कागदात जिरते. मग डाव्या हाताची दोन बोटं फाकवून पान ताणून धरायचं आणि रबर शिवणीकडून बाहेर, एकाच दिशेनं. मागेपुढे केला की पानाला चुणी पडते, आणि चुणी पडलेलं पान इस्त्री करूनही सरळ होत नाही. ही शेवटची माहिती काकूंची, कारण इस्त्री त्यांची होती. रेघ गेली तरी तिची खाच राहते. काही वाचक रेघ मारत नाहीत, नांगरतात. ती खाच काका चमच्याच्या पाठीनं हलके दाबून बसवतात, मग पान ट्यूबलाइटखाली तिरपं करून आयग्लासमधून पाहतात, आणि “हं” म्हणतात. त्या ‘हं’वरून काम कसं झालं ते आम्हाला कळतं.

पावसाळ्यात सगळं बंद. समुद्र हाकेवर, हवेत दमट खार, पानं मऊ पडलेली. ओलसर कागदावर रबर फिरवला की रेघ जायच्याऐवजी काळा फराटा होतो. त्यामुळे चातुर्मासात काका कांदा-लसूण खातात पण खोडत नाहीत.

पेन्सिल हा त्यांचा प्रांत. शाईपुढे मात्र त्यांनी आयुष्यात जेवढे पराभव पाहिले तेवढे पोलादापुढेही पाहिले नसतील. बॉलपेनच्या रेघेला त्यांनी पहिल्यांदा स्पिरिट लावलं तेव्हा रेघ खरोखरच नाहीशी झाली, आणि तिच्या जागी चार ओळी व्यापणारा निळा ढग उमटला. वहीवर शाई सांडली की दोन बाटल्यांचं औषध मिळायचं ते आठवून त्यांनी घरीच परमँगनेटचा उद्योग केला, तर शाई गेली आणि तपकिरी डाग आला. तो काढायला दुसरं औषध लागतं, ते मिळेपर्यंत डाग पुस्तकाच्या घरचा झाला होता. बारावीच्या मुलांचा पिवळा हायलायटर लिंबाच्या रसानं फिका पडतो हे कुणी तरी सांगितलं. पडतोही. गुलाबी मात्र ढिम्म राहतो. शिवाय आंबट कागदात मुरलं की काही वर्षांनी कागद ठिसूळ होतो. आधीच आपल्याकडच्या जुन्या स्वस्त कागदात लगद्याबरोबर तुरटी गेलेली असते, त्यानं तो पिवळा पडून तुटायलाच आलेला असतो, त्यात हे लिंबू. काका यावर म्हणतात, “काही वर्षांनी म्हणजे केव्हा? तेव्हा मी नाही.”

एकदा त्यांनी कपड्यांचं ब्लीच वापरलं. पान इतकं पांढरं झालं की बाकीचं पुस्तक मळकं दिसायला लागलं. मग त्या एका पानाला आजूबाजूच्या वयाचं करण्यासाठी चहाच्या पाण्यात बुडवलं. त्या दिवसापासून काकूंच्या स्वयंपाकघरात बिनसाखरेचा चहा दोघांसाठी ठेवला जातो: एक काका, मधुमेहामुळे, दुसरं पुस्तक, मुंग्यांमुळे.

पण काकांच्या कारकिर्दीतला खरा प्रसंग ‘नाही’चा. एका सामाजिक कादंबरीत कुणीतरी शाईनं जाड उद्गारचिन्ह काढलं होतं. औषधांवरून मन उडालेलं, म्हणून काकांनी आपली छिन्नी काढली. पोलादातून केसाएवढा छिलका उचलणारा हात, कागदाचं ते काय. उद्गारचिन्ह अलगद निघालं. त्याबरोबर कागदही निघाला. पान उलटून बघतात तर मागच्या बाजूचा एक शब्द गायब. तिथं नायक नायिकेला लग्नाचं विचारतो आणि ती म्हणते, ‘नाही’. आता ती काहीच म्हणत नव्हती, आणि मौन म्हणजे होकार हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. पुढची दोनशे पानं नकाराच्या दुःखावर उभी होती. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गव्हाच्या पिठाची पातळ खळ केली, पतंगाच्या कागदाचा नखाएवढा तुकडा भोकावर बसवला, वर वजन ठेवलं. तो वाळल्यावर आयग्लास लावून, सर्वांत बारीक निबानं, छापलेल्या अक्षरांच्या वळणात ‘नाही’ लिहिलं. उलटी नक्षी कोरण्यात हयात गेलेल्या माणसाला सुलटं लिहिणं कठीण गेलं नाही. मी ते पान पाहिलं आहे. टाईप, जाडी, शाईचा विटका काळेपणा, सगळं जिथल्या तिथं. पुस्तकात लिहिणाऱ्यांचा जन्मभर तिरस्कार केलेल्या माणसाच्या हातचा शब्द त्या कादंबरीत आहे, आणि कथानक त्याच्यावरच चालतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, “मी लिहिलेलं नाही. लेखकाचंच आहे. मी फक्त परत केलं.”

खोडण्याआधी प्रत्येक खूण नोंदवायची हा काकांचा नियम. डायच्या धंद्यात कोणत्या गिऱ्हाइकाची कोणती नक्षी हे लिहून ठेवायची सवय, तीच इथं आली. दोनशे पानी वह्यांत तारीख, पुस्तक, पान, माध्यम आणि मजकूर. ‘पृ. ४१, पेन्सिल, कडक, “खोटं!”, दोनदा अधोरेखित.’ ‘पृ. ११२, निळी शाई, “हे बाबांना दाखवावे”, निघाली नाही.’ पालघर जिल्ह्यात वाचक पुस्तकांशी काय काय बोलले त्याचं इतकं इमानदार दफ्तर दुसरीकडे नसेल. खुणा नष्ट करणारा माणूसच त्यांचा रखवालदार झाला आहे, आणि त्यांच्या वह्यांना हात लावायची कुणाला परवानगी नाही.

या नोंदींतून काकांना माणसं ओळखता येऊ लागली. न पाहिलेली माणसं. पहिल्या तीस पानांत रेघांचा पाऊस पाडून पुढे एकदम कोरडा पडणारा वाचक त्यांना सर्वांत जास्त भेटतो. “यानं जानेवारीत घेतलं होतं,” असं म्हणून ते त्याला निकालात काढतात. प्रत्येक ओळीखाली रेघ मारणाऱ्याबद्दल त्यांचं मत असं, की याला काही आवडलं नाही, याला पट्टी नवीन मिळाली होती. छपाईच्या चुका दुरुस्त करणाऱ्याबद्दल मात्र मनात आदर. ऱ्हस्वाचं दीर्घ केलेलं दिसलं की रबर जरा थबकतो. खोडावं तर चूक परत येते, ठेवावं तर तत्त्व जातं. शेवटी तत्त्व जिंकतं, चूक परत येते, आणि नोंदवहीत ‘बरोबर होतं’ असा शेरा पडतो. आणि भेटवस्तूंची पुस्तकं! ‘प्रिय’पासून सुरू होऊन सहीपर्यंत पहिलं पान भरलेलं, खाली तारीख, आणि ती सगळी माया रद्दीत. ही पानं काका शेवटी घेतात. ती खोडताना त्यांचा आवाज उतरतो: “शाई चांगली होती. टिकली असती.” वाचनालयाच्या शिक्क्याला ते शिवत नाहीत. शिक्का सरकारी, पुढे कुणी विचारलं तर?

अक्षरावरून बाई की पुरुष, डावखुरा की उजवा, आणि रेघेच्या दाबावरून लग्न झालेलं की व्हायचं, हे ते छातीठोक सांगतात. पडताळून कोण बघणार?

आता एक गोष्ट सांगतो, ती गावात फारशी कुणाला माहीत नाही. काका पुस्तकं वाचत नाहीत. वेळच मिळत नाही. रेघ आली की थांबायचं, तिच्यावरची ओळ दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर राहते, ती आपसूक पाठ होते, मग पुढची रेघ. मधलं सगळं फर्रकन. ‘ययाती’ १९५९ चं, ‘स्वामी’ १९६२ चं, ‘मृत्युंजय’ १९६७ चं, आणि तेव्हापासून महाराष्ट्रानं या पुस्तकांत पेन्सिल खाली ठेवलेली नाही. एकट्या ‘मृत्युंजय’च्या कितीतरी प्रती काकांच्या हाताखालून गेल्या. त्यामुळे कर्ण कोणत्या पानावर वाचकांना रडवतो ते त्यांना बरोबर ठाऊक आहे, पण तो शेवटी कसा मेला हे त्यांना महाभारतावरून माहीत आहे, पुस्तकावरून नाही.

याचा परिणाम असा, की जे वाक्य कुणाला ना कुणाला भिडलं तेवढंच काकांनी वाचलेलं. कंटाळवाणं वर्णन नाही, भरताड संवाद नाही, निव्वळ साय. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात काका बोलायला उभे राहिले की एकामागून एक अशी वाक्यं देतात की पहिल्या रांगेतल्या निवृत्त शिक्षकांच्या माना डोलायला लागतात. लग्नात आशीर्वाद देताना खांडेकर, बाराव्याला बोलताना खांडेकरच पण दुसरं पान. ‘व्यासंगी’ म्हणून त्यांना शाल मिळाली आहे. ती शाल खरं तर बदली होऊन गेलेल्या शे-दोनशे अनोळखी रेघावाल्यांत फाडून वाटायला हवी. काकांनी तिचा एक तुकडा कापला आहे, पुस्तकांची कव्हरं पुसायला तो छान लागतो.

मी एकदा त्यांना फर्माची हकिगत सांगितली. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. डायोफँटसच्या पुस्तकाच्या समासात १६३७ च्या सुमारास त्यानं एक प्रमेय लिहिलं आणि पुढे नोंदवलं, की याची सुंदर सिद्धता माझ्याकडे आहे, पण समासात मावत नाही. तो वारल्यावर मुलानं १६७० साली ते पुस्तक बापाच्या टिपणांसकट छापलं. मग जगातले गणिती त्या सिद्धतेच्या मागे लागले ते थेट अँड्र्यू वाइल्सपर्यंत, त्याची सिद्धता १९९५ साली छापून आली. साडेतीनशेहून अधिक वर्षं.

काका शांतपणे ऐकत होते. “म्हणजे मुलानं वेळेवर खोडलं असतं तर एवढ्या लोकांचा त्रास वाचला असता.”

मी टिळकांवर आलो. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं ते पेन्सिलीनं, शाई मिळत नव्हती. काकांनी हात जोडले. मग म्हणाले, “ती वही पेन्सिलीची आहे आणि शाबूत आहे, म्हणजे आसपास कुणी रबरवाला नव्हता.” हे ते अभिमानानं म्हणाले की काळजीनं, मला अजून कळलेलं नाही. आंबेडकरांची पुस्तकं मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात जपलेली आहेत, त्यांतल्या त्यांच्या खुणांवरून अभ्यासक त्यांचा विचार शोधतात, हे सांगितल्यावर मात्र काका गप्प झाले. बराच वेळ रबराची कड नखानं साफ करत राहिले. “त्यांनी स्वतःच्या पुस्तकात केल्या,” अखेर म्हणाले. “आणि ते आंबेडकर होते. इथं कुणीतरी ‘श्रीमान योगी’वर चकल्यांचं प्रमाण लिहितो.”

त्यांचा आदर्श वेगळाच आहे. आमच्या चिंचणीत ताम्रपट सापडले होते. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा, इसवी सन ९२६ चा. त्यात संजाणच्या मुलखावर अंमल चालवणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. इतिहासवाल्यांना यातला अरब अधिकारी महत्त्वाचा वाटतो. काकांना तांबं. “हजार वर्षांत त्याच्यावर कुणी अंडरलाइन केलं? नाही केलं. कोरणाऱ्याचं काम बघ. चूक झाली तर ठोकून सपाट करायचं आणि पुन्हा कोरायचं. पुस्तकं अशी पाहिजेत.” पत्र्यावर छापलेलं ‘मृत्युंजय’ किती किलोचं होईल याचा मी मनातल्या मनात अंदाज बांधला. बोईसरच्या रद्दीवाल्याचं मात्र कल्याण झालं असतं.

घरात या सगळ्याला एकच अटकाव, काकू. त्यांच्याकडे कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आहे. पुस्तक १९७० सालचं, ही प्रत नंतरची, पण वापर असा की ती १८७० ची वाटावी. तेलाचे गोल, हळदीची बोटं, आणि समासात काकूंच्या आईच्या अक्षरात दुरुस्त्या: ‘तिखट निम्मं’, ‘पाणी लिहिलंय त्याहून कमी’, ‘यांना आवडत नाही’. मागच्या कोऱ्या पानावर उकडहंडीचं प्रमाण, कोनफळापासून. काका त्या पुस्तकाकडे ज्या नजरेनं पाहत त्याचा अर्थ काकूंना वेळीच कळला, पण त्या दोन दिवस डहाणूला बहिणीकडे गेल्या आणि काकांनी संधी साधली. सुरुवात हळदीपासून केली. हळदीला ऊन लागलं की ती आपोआप उडते, एवढा धीर धरला असता तरी भागलं असतं. काकांनी साबणाचं पाणी लावलं. क्षारानं हळद लाल होते हे शाळेतल्या प्रयोगात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, काकांनीही पाहिलं असेल. साबुदाण्याच्या वड्यांचं पान कुंकू सांडल्यागत लालभडक झालं. घाबरून लिंबू पिळलं, तर पुन्हा पिवळं, आधीपेक्षा दुप्पट जागेत.

काकूंनी आल्यावर पान पाहिलं, काही बोलल्या नाहीत. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं. काकांनी विचारलं तर म्हणाल्या, “समासात लिहिलं होतं किती घालायचं ते. पुसलं गेलं.” तेव्हापासून ‘रुचिरा’ तांदळाच्या पिंपात असतं. माहेरच्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली आहेत, ती भांडीही त्या अधूनमधून मोजून बघतात.

गेल्या दिवाळीनंतर काकांच्या हाती एक जुन्या बांधणीची कादंबरी आली. कागद बरा, शिवण मजबूत, आणि एकही खूण नाही. ते पुस्तक खाली ठेवणार इतक्यात पान ट्यूबलाइटखाली तिरपं झालं आणि समासात खाचा दिसल्या. आधी लिहिलेलं होतं, कुणीतरी खोडलं होतं. काका उठून आत गेले, टॉर्च घेऊन आले, पान आडव्या उजेडात धरलं. “शिवणीकडून बाहेर रबर मारलाय,” ते म्हणाले. “फराटा नाही, चुणी नाही. मास्तर माणूस आहे.” आपल्यासारखा आणखी एक या जगात होऊन गेला या आनंदात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नोंदवहीनं डोकं वर काढलं. त्यानं काय खोडलं? नोंद कशी करायची?

पेन्सिल आडवी धरून खाचांवर हलकी फिरवली की अक्षरं पांढरी उमटतात, हे डायवाल्याला सांगावं लागत नाही. फक्त त्यासाठी पुस्तकात पेन्सिल टेकवावी लागते. काकूंनी मला खास हाक मारून बोलावलं, म्हणाल्या, “ये, बघ, हे रेघा मारतायत.” काका आयग्लास लावून, श्वास रोखून समास काळा करत होते. मजकूर उमटला: ‘पान ८८ पाहा.’

पान ८८ वर पुन्हा खाचा, पुन्हा काळा पट्टा: ‘इतकी घाई काय आहे? पान १४१.’ पान १४१ वर: ‘पुस्तक विकत घेतलं की उसनं आणलं? पान ३०.’ काकू कढी गरम करून दोनदा सांगून गेल्या. पान ३० नं २०३ वर पाठवलं. तिथं खाचा फारच पुसट होत्या, काकांनी जवळजवळ सगळा समास रंगवला, आणि टॉर्च मला धरायला दिला. अक्षरं एक एक करून वर आली: ‘गाढवा, मधलं काही वाचलंस का?’

काकू इतक्या हसल्या की त्यांना ओटीच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. काकांनी ते पुन्हा एकदा वाचलं, नोंदवहीत उतरवून घेतलं, पान, माध्यम, दाब, सगळं. मग आयग्लास पुसला.

“अक्षर बाईचं आहे,” ते म्हणाले, आणि रबर शोधायला लागले.